बीफ-बार्ली स्ट्यू : अबर्डीनच्या थंडीतलं पातेलं

ग्रॅनाइट_अबोली | शनिवार, १३ डिसेंबर, सकाळी ११:०५

नमस्कार मंडळी. स्ट्यूची कृती तिघाचौघांनी मागितली होती. विपूत (सभासदाच्या विचारपुशीच्या पानावर) लिहायला घेतली आणि आवरेना, म्हणून इथेच देते.

मी मूळची वसईची. नऊ वर्षं झाली, स्कॉटलंडात अबर्डीनला आहे. बीफ लहानपणापासून खाते, पण आमच्याकडचं बीफ म्हणजे नारळाच्या रसातलं, नाहीतर बॉटल मसाल्यातलं लालभडक, गरम भातावर ओतायचं. नुसत्या मीठ-मिरीत शिजवलेलं मांस हे आजाऱ्याचं जेवण, असं माझं ठाम मत होतं. ते इथल्या पहिल्या डिसेंबरात बदललं.

इथे या दिवसांत सूर्य पावणेनऊच्या सुमाराला उगवतो आणि साडेतीनला मावळतो. उत्तर समुद्रावरचा वारा कोटाच्या शिवणीतून आत शिरतो. अशाच एका संध्याकाळी (घड्याळात चार, बाहेर मिट्ट काळोख) शेजारच्या आजी झाकणाचं जड पातेलं घेऊन दारात उभ्या राहिल्या. नव्या शेजारणीला पहिल्या हिवाळ्यात काहीतरी गरम द्यायचं, एवढंच त्यांच्या मनात. झाकण काढलं तर वर तुपासारखे सोनेरी डोळे तरंगत होते, गाजराचे मोठाले तुकडे होते, आणि खाली टपोरी बार्ली. दाणे फुगलेले, पण एकही फुटलेला नाही. दाण्यावरची मधली रेघसुद्धा स्पष्ट दिसत होती. मांसाला चमचा नुसता टेकवला तर रेषा सुटल्या. मी दोन वाडगे तिथेच, स्वयंपाकघरात उभ्याने खाल्ले.

जानेवारीत मी स्वतः करायला घेतला तेव्हा आपल्या सवयीने सगळं एकदम कुकरात घातलं. दोन वाट्या बार्ली, किलोभर मांस, भाज्या, पाच शिट्ट्या. तिसऱ्या शिट्टीनंतर शिट्टीच वाजेना. बार्लीला फेस फार येतो, तो वाफेच्या भोकात जाऊन बसला होता. मी घाबरून गॅस बंद केला. कुकर पुरता निवल्यावर उघडला तर बार्लीचा गिच्च गोळा, बूड करपलेलं आणि मांस मात्र वातड. आजींना दाखवलं. त्यांनी गोळ्यात चमचा घालून बघितला आणि विचारलं, "दोन्ही एकाच वेळी का घातलंस? मांसाला तीन तास लागतात, बार्लीला पाऊण."

या पदार्थातली खरी गोष्ट ही एवढीच आहे. बाकी मी जे लिहिणार आहे ते सगळं यातूनच निघतं.

मांस कुठलं घ्यायचं. महाग तुकडा घेऊ नका. अंडरकट किंवा सरलॉइन या पदार्थात वाया जातं. ज्या स्नायूने जनावर आयुष्यभर चाललं तो हवा, म्हणजे पायाची पोटरी. इंग्लंडात तिला शिन म्हणतात, इथे स्कॉटलंडात हॉख. शेवटचा ख घशातून, आपल्या खरखरीतल्यासारखा. पहिल्या वेळी मी खाटकाकडे "शिन" मागितलं तेव्हा त्याने "हॉख, हॉख" म्हणून दोनदा माझ्याकडून वदवून घेतलं आणि वर नळीचं एक हाड फुकट दिलं. पोटरीच्या तुकड्यात पांढऱ्या चिवट शिरा दिसतात. त्या काढून टाकू नका. सत्तर अंशांच्या वर बराच वेळ ठेवलं की हळूहळू त्यांचं जिलेटिन होतं, आणि स्ट्यू ओठांना चिकटतो तो त्यामुळेच. याच तुकड्याचा रस गार करून वडीसारखा थिजवतात, त्याला इथे पॉटेड हॉख म्हणतात. त्यात जिलेटिन वेगळं घालावं लागत नाही.

पोटरी मिळाली नाही तर खांद्याकडचं चक, नाहीतर छातीकडचं ब्रिस्केट.

प्रमाण, सहा जणांना. पोटरीचं मांस ९०० ग्रॅम, चार-चार सेंटिमीटरचे तुकडे (लहान केले तर शिजेस्तोवर भुगा होतो). मिळालं तर एक नळी. पर्ल बार्ली १५० ग्रॅम, म्हणजे आपली पाऊण वाटी. दोन कांदे, तीन गाजरं, सेलरीच्या दोन काड्या, एक लीक (जाड कांद्याच्या पातीसारखी भाजी), आणि अर्धा नीप. नीप म्हणजे पिवळ्या गराचा मोठा शलगम. तो न मिळाला तर साधा पांढरा शलगम घ्या, पण तो कमी, कारण त्याला उग्रपणा असतो. टोमॅटो पेस्ट एक मोठा चमचा (ही माझी भर, आजी घालत नाहीत). दोन बे लीफ. याच्या जागी आपलं तमालपत्र घालू नका, ते वेगळ्या झाडाचं पान आहे, त्याचा वास दालचिनीकडे जातो. थाइमच्या चार काड्या, दहा-बारा मिरी, मीठ, पावणेदोन लिटर गरम पाणी, शेवटी चमचाभर व्हिनेगर.

कृती. मांस कोरडं करायचं. अगदी कोरडं, कागदाने टिपून. ओलं मांस भांड्यात टाकलं की आधी पाणी सुटतं आणि ते त्या पाण्यात उकडतं, भाजलं जात नाही. मीठ लावून, जड बुडाच्या पातेल्यात तेल चांगलं तापवून, पाच-सहाच तुकडे एका वेळी. घातले की हलवायचे नाहीत. तुकडा तयार झाला की स्वतःच बूड सोडतो, तोवर ओढायला गेलात तर फाटतो. एका बाजूला चारेक मिनिटं लागतात, गडद तपकिरी रंग यायला हवा. माझे तीन घाणे होतात आणि वीस मिनिटं जातात. हे टाळू नका. भाजल्याने रस आत कोंडला जातो असं पूर्वी सांगायचे, ते खरं नाही, रस बाहेर येतोच. पण तो तपकिरी थर म्हणजेच अर्धी चव आहे.

मांस काढून त्याच तेलात कांदा आणि सेलरी परता. कांद्याला पाणी सुटलं की बुडाची खरवड लाकडी उलथन्याने सोडवा. पेस्ट घालून दोन मिनिटं परता, कच्चा वास जाऊ दे. मग मांस, नळी, पानं, थाइम, मिरी आणि गरम पाणी. उकळी फुटली की वर राखाडी मळी येते, ती झाऱ्याने काढून टाका आणि आच एकदम मंद करा. खदखद नको. पृष्ठभागावर इकडे एक, तिकडे एक बुडबुडा, एवढंच. झाकण किंचित कलतं ठेवून पावणेदोन तास. या वेळात बार्ली पुडीतच राहू दे.

पावणेदोन तासांनी तुकड्यात काटा घाला. आत जातोय पण थोडा अडतोय, असं वाटलं की वेळ झाली. बार्ली तीन-चार पाण्यांतून धुऊन घाला, गाजर आणि नीपचे मोठे तुकडे घाला, मीठ बघा. अजून पन्नास मिनिटं. मधूनमधून तळापासून ढवळा, बार्ली बुडाला बसते. शेवटच्या पंधरा मिनिटांत लीक. आच बंद केली की व्हिनेगर, आणि दहा मिनिटं झाकून ठेवा.

सरबरीत झाला पाहिजे. डाव उलटा केला तर पडावा, पण पाण्यासारखा वाहू नये. दुसऱ्या दिवशी बार्ली उरलेलं सगळं पिऊन बसते, तेव्हा गरम पाणी घालून सैल करा आणि मीठ पुन्हा चाखा.

फोटो संध्याकाळी टाकते, आज केलाच आहे.

---

तिरफळ | शनिवार, दुपारी १२:२०

तोंडाला पाणी सुटलं! अबोली, मी माहीमला राहतो, इथे हे कसं जमवायचं? आणि कुकर अगदीच बाद का? तीन तास गॅस चालू ठेवायचा म्हणजे आमचे बाबा दर अर्ध्या तासाने येऊन बघणार.

ग्रॅनाइट_अबोली | शनिवार, दुपारी १२:४१

तिरफळ, महाराष्ट्रात २०१५ पासून बैल-वळूही बंदीत आल्यामुळे तुम्हाला म्हशीचंच मिळणार, आणि ते या पदार्थाला चांगलं लागतं. आईकडे गेले की मी तेच वापरते. रेषा जाड असतात आणि चरबी कमी, त्यामुळे वेळ थोडा जास्त धरा आणि नळी नक्की मागून घ्या. खाटकाला "निहारीचं द्या" म्हटलं की तो बरोबर पायाचं देतो.

कुकर फक्त मांसासाठी वापरा. भाजून, कांदा परतून, पाणी घालून एक शिट्टी, मग आच अगदी बारीक करून पंचवीस ते तीस मिनिटं. वाफ आपोआप जाऊ दे. मग झाकण काढून बार्ली आणि भाज्या घाला आणि उघड्यावरच पन्नास मिनिटं शिजवा. बंद कुकरात बार्ली मी पुन्हा कधी घातली नाही.

रानजाई | शनिवार, दुपारी १:१५

कृती फार मनापासून लिहिली आहे. आमच्याकडे बीफ खात नाहीत, त्यामुळे मटणावर करून बघणार. वेळ किती धरू? आणि एक मूलभूत शंका: बार्ली म्हणजे जव ना? आमच्या वाण्याने जवस दिले होते मागे.

ग्रॅनाइट_अबोली | शनिवार, दुपारी १:३०

रानजाई, मटणाचा तर इथे हक्काचा पदार्थ आहे. स्कॉच ब्रॉथ म्हणतात तो बहुतेक घरांत मेंढीच्या मानेच्या तुकड्यांचाच असतो, सोबत सुके वाटाणे आणि केलची पानं. मान किंवा पुढचा पाय हाडासकट घ्या. बकऱ्याचं असेल तर बार्ली घालण्याआधी सव्वा तास पुरे. चरबी जास्त निघाली तर वरची थोडी काढून ठेवा.

जुना_डबा | शनिवार, दुपारी २:०२

जव, यव, सातू, बार्ली हे सगळं एकच धान्य. जवस म्हणजे अळशी, ते तेलबी. नावं इतकी जवळची की वाण्याकडे घोटाळा नेहमी होतो. अजून एक घोटाळा: सातूचं पीठ म्हणून आपण जे खातो ते बऱ्याच घरांत गहू आणि डाळव्याचंच असतं, त्यात सातू औषधालाही नसतो.

दुकानात "बार्ली" म्हणूनच मागा. उन्हाळी लागली की ज्याचं पाणी देतात तीच, पांढरट गोल दाण्याची. ती पर्ल बार्ली, म्हणजे वरचा कोंडा घासून काढलेली. पूजेच्या दुकानातले जव सालासकट असतात, ते कितीही शिजवा, तोंडात कूस येते.

अबोलीताई, तुमच्या गावाची एक गोष्ट. १७७३ साली इंग्रज कोशकार सॅम्युएल जॉन्सन स्कॉटलंडच्या प्रवासात अबर्डीनला उतरले होते. तिथे जेवणात हेच बार्ली-वाटाण्याचं ब्रॉथ होतं. त्यांनी ते आधी कधी खाल्लं नव्हतं, आणि ताटलीमागून ताटली संपवली. स्कॉटलंडच्या खाण्याला नावं ठेवण्याबद्दल हे गृहस्थ प्रसिद्ध, म्हणून ही नोंद मला फार आवडते.

ग्रॅनाइट_अबोली | शनिवार, दुपारी २:१८

जुना_डबा, हे मला माहीत नव्हतं! आज आजींना सांगते.

दाण्यांबद्दल भर घालते. इथे पॉट बार्लीही मिळते. तिचा कोंडा कमी काढलेला असतो, रंग करडा, चव जास्त. तिला सव्वा तास तरी लागतो, म्हणजे मांसानंतर तासाभराने घालायची. अख्खी, फक्त टरफल काढलेली मिळाली तर रात्रभर भिजवा. ऑर्कनी बेटांवर बेअर नावाची जुनी बार्ली अजून पिकवतात आणि पाण्यावरच्या गिरणीत दळतात. त्याच्या पिठाच्या जाड भाकऱ्या (इथे बॅनक म्हणतात) मी आणल्या होत्या. स्ट्यूत बुडवून खाल्ल्या तेव्हा ज्वारीच्या भाकरीची आठवण आली, किंचित कडसर आणि भाजका वास.

---

खाडीपल्याड | शनिवार, दुपारी ३:४०

मी दापोलीकडचा. वाचताना सारखं वाटत होतं की हे तर आपल्या खिचड्याचं भावंड. आमच्याकडे मोहरममध्ये दहाव्याला खिचडा होतो. कांडलेले गहू, जव, चणाडाळ, मूग, मसूर, थोडी उडीद, सगळं रात्री भिजत घालायचं. बड्याचं (मोठ्या जनावराचं) मांस वेगळ्या डेगीत आलं-लसूण-गरम मसाल्यात शिजवायचं, धान्य वेगळं. मग दोन्ही एकत्र करून घोटायचं.

अबोलीबाय, तुमच्या आजींनी जे सांगितलं तेच आमच्या मोठ्या अम्मी सांगायच्या: धान्य आणि गोश्त वेगळं शिजवा, शेवटी गाठ घाला. फरक इतकाच की तुमचा दाणा अख्खा राहायला हवा आणि आमचा मोडायला हवा. तरी खिचड्यात मांसाचे तुकडे हाताला लागतात. हलीममध्ये तेही घोटून एकजीव करतात.

वरून तळलेला कांदा, पुदिना, लिंबू. तुमच्या स्ट्यूवर लिंबू पिळून बघा. व्हिनेगर जे काम करतं तेच.

नवगावची_नात | शनिवार, दुपारी ४:२५

शलोम सगळ्यांना, इस्रायलमधल्या अश्दोदहून लिहितेय. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, आजोळ अलिबागजवळचं. घरी अजून मराठी बोलतो, आईला तर दुसरी भाषा धड येतच नाही.

इथे शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवशी, हमीन करतात. बीफ, बार्ली, पांढऱ्या शेंगदाण्याएवढ्या घेवड्याच्या बिया, बटाटे, आणि सालासकट अंडी. शब्बाथला विस्तव पेटवत नाहीत, म्हणून शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत पातेलं विजेच्या तव्यावर ठेवायचं आणि शनिवारी दुपारी उघडायचं. सोळा-सतरा तास तरी. अंड्याचा पांढरा भाग चहाच्या रंगाचा होतो, आणि घरभर असा वास असतो की पहाटे जाग येते.

पण अबोली, यात बार्ली पहिल्यापासूनच असते! मग ती आमच्याकडे कशी चालते?

सासूबाई पोलंडकडच्या, त्यांचं हे रोजचं. आई मात्र अजून मांसात नारळाचं दूधच घालते. दूध-लोणी आणि मांस आपल्यात एकत्र चालत नाही, त्यामुळे नारळ आला की आईला घरचं जेवण वाटतं. आणि हो, कोशर (आमच्या धर्मनियमांप्रमाणे तयार केलेलं) मांस आधी मीठ लावून धुतलेलं असतं, ते वापरणाऱ्यांनी मीठ शेवटीच घाला.

ग्रॅनाइट_अबोली | शनिवार, संध्याकाळी ५:१०

किती छान लिहिलंत. चालते, कारण तिथे बार्लीने विरघळायचंच असतं. तीच रस दाट करते, आणि आच इतकी मंद की बुडाला लागत नाही. शिवाय कोणी ढवळत नाही. खाडीपल्याड म्हणतात तसंच, दाणा अख्खा हवा की मोडलेला हे आधी ठरवायचं. मला तो दाताखाली हवा असतो म्हणून मी उशिरा घालते.

आईंना सांगा, वसईतही मांसाला नारळच.

खाडीपल्याड, आज लिंबूच पिळलं. व्हिनेगरपेक्षा आवडलं.

प्रेअरीवारा | शनिवार, संध्याकाळी ६:०३

कॅनडातल्या सास्काटूनहून +१. इथे दुपारचे बारा वाजलेत आणि उणे सव्वीस आहे. आमच्या आजूबाजूला मैलोन् मैल बार्लीचीच शेतं, सास्काचेवान आणि अल्बर्टा मिळून कॅनडाची बहुतेक बार्ली पिकवतात. पण यातली बरीचशी बिअरला आणि गुरांना जाते, माणसांच्या ताटात येते ती थोडी.

मी नोकरीच्या दिवशी स्लो कुकरला लावतो. मांस आदल्या रात्री भाजून ठेवतो, सकाळी सगळं एकत्र, पॉट बार्लीसकट, लो वर आठ तास. पॉट बार्ली असल्यामुळे दाणा टिकतो. पर्ल घातली तेव्हा पेज झाली होती.

गोठवणार असाल तर बटाटा घालू नका, तो वितळल्यावर रवाळ आणि पाणचट होतो. गाजर आणि शलगम ठीक राहतात. मी एकेका माणसापुरते डबे भरून ठेवतो, तीनेक महिने सहज जातात. फ्रिजमध्ये मात्र दोन दिवसांत संपवतो, आणि पातेलं रात्रभर ओट्यावर राहू देत नाही.

सोनकी | शनिवार, संध्याकाळी ६:४०

माझ्या मुलीला सिलिअ‍ॅक आहे. बार्ली चालेल का? सगळीकडे पौष्टिक म्हणून लिहिलेलं असतं.

ग्रॅनाइट_अबोली | शनिवार, संध्याकाळी ६:४४

सोनकी, नाही. बार्लीत ग्लुटेन असतं, या आजारात तेच सोसत नाही. सिलिअ‍ॅकला गहू, बार्ली, राय तिन्ही वर्ज्य. बार्लीचं पाणी, माल्ट, माल्ट व्हिनेगर यांच्यापासूनही सांभाळा. तयार स्टॉक क्यूबची पुडीही वाचून घ्या.

जुना_डबा | शनिवार, संध्याकाळी ७:१२

सोनकी, तिच्यासाठी अख्खी ज्वारी घाला. मी मधुमेहासाठी घरी बार्ली आणि ज्वारी दोन्हींची सूपं करत असतो. ज्वारी रात्रभर भिजवून कुकरला वेगळी मऊ शिजवून घ्यायची आणि शेवटच्या दहा मिनिटांत स्ट्यूत मिसळायची. दाणा बार्लीसारखाच टपोरा राहतो, उलट जरा जास्त चिवट. रस मात्र तेवढा दाट होत नाही. बार्लीत बीटा-ग्लुकन नावाचा विरघळणारा तंतू असतो, दाटपणा त्याचा, आणि साखर हळू चढते तीही त्याच्यामुळे. ज्वारीच्या वेळी एक बटाटा कुस्करून घाला, काम होतं.

सोनकी | शनिवार, संध्याकाळी ७:२०

मनापासून आभार. तिला सूप म्हणून नेहमी वेगळं काहीतरी पातळ मिळतं. आता आमच्याच पातेल्यातलं मिळेल.

---

नवखा_बल्लव | शनिवार, संध्याकाळी ७:३५

मदत हवी आहे. डब्लिनला पहिलंच वर्ष, तीन मित्रांना रात्री जेवायला बोलावलंय. सकाळी धागा अर्धाच वाचला आणि सामान आणून पाचला सुरुवात केली. शिनच आणलंय. मांस भाजलं, पण बार्ली सुरुवातीलाच घातली, आणि उकळी चांगली मोठी ठेवली म्हणजे लवकर होईल. आता दीड तासाने रस आटलाय, बार्ली मऊ झालीय आणि बुडाला लागायला लागलीय. मांस चाववत नाही, रबर आहे. फेकू का?

ग्रॅनाइट_अबोली | शनिवार, संध्याकाळी ७:३९

बल्लव, काहीही फेकू नका. मांस बिघडलेलं नाही, ते अजून मधल्या वाटेवर आहे. दीड तासाला शिन असंच लागतं. स्नायू आवळलेला असतो आणि शिरा अजून विरघळलेल्या नसतात, म्हणून सगळ्यात चिवट नेमकं याच वेळी वाटतं.

आता असं करा:
गॅस बंद. तळ खरवडू नका, करपलेलं वर येईल.
मांसाचे तुकडे चिमट्याने दुसऱ्या भांड्यात काढा. चिकटलेले दाणे गरम पाण्याने निपटून काढा.
तुकडे बुडतील इतकं उकळतं पाणी, थोडं मीठ, एक कांदा. झाकण लावा आणि सगळ्यात बारीक आच.
बार्ली आणि भाज्या वरच्यावर उपसून तिसऱ्या भांड्यात ठेवा. खालचा चिकटलेला थर तिथेच राहू दे.

मित्र किती वाजता येणार?

नवखा_बल्लव | शनिवार, संध्याकाळी ७:५२

साडेआठला. केलं तुम्ही सांगितलंत तसं. करपका वास बार्लीला थोडा आहे, फार नाही. एक तास पुरेल?

ग्रॅनाइट_अबोली | शनिवार, संध्याकाळी ७:५५

नाही, दीड तरी द्या. मित्रांना चहा आणि काहीतरी कुरकुरीत द्या. मध्ये झाकण सारखं काढू नका, उकळी मोठी करू नका. सव्वानऊला एका तुकड्यात काटा घालून फिरवा आणि इथे सांगा. मी आहे.

खाडीपल्याड | शनिवार, रात्री ८:१०

बल्लव, पाण्यात आल्याचा एक तुकडा ठेचून टाका. आणि कांदा उभा चिरून तळून ठेवा. करपका वास उरला असेल तर तळलेल्या कांद्याखाली झाकला जातो. आमच्याकडे डेग लागली की हेच करतात.

नवखा_बल्लव | शनिवार, रात्री ८:१४

आलं टाकलं. कांदा चिरतोय.

तिरफळ | शनिवार, रात्री ८:३०

मीही लावलाय, इथे रात्रीचे दोन वाजलेत, माझी रात्रपाळी घरूनच चालू आहे. नळी आणि म्हशीची पोटरी संध्याकाळीच आणून ठेवली होती. कुकरचा भाग झाला, आता बार्ली उघड्यावर शिजतेय. बाबा वासाने उठून आले. म्हणतात आजीच्या वेळी क्रिसमसच्या आधी असा वास यायचा, मग स्टूल ओढून पातेल्याजवळच बसलेत.

नवखा_बल्लव | शनिवार, रात्री ९:१७

काटा जातोय. फिरवल्यावर तुकडा हलतो, पण सुटत नाही.

ग्रॅनाइट_अबोली | शनिवार, रात्री ९:१९

म्हणजे वाटेवर आहे. अजून पंचवीस मिनिटं. पाणी कमी झालं असेल तर उकळतंच घाला, गार नको. सुटायला लागलं की बार्ली-भाज्या या रसात घाला, पाच मिनिटं एकत्र, मग लिंबू.

नवखा_बल्लव | शनिवार, रात्री १०:२०

सुटलं! चमच्याच्या कडेने तुटतंय. रस ओठांना चिकटतोय, तुम्ही लिहिलं होतं तसा. बार्लीचे दाणे थोडे फुटलेत, पण कांदा घातल्यावर करपका वास कोणाला कळला नाही. चौघांनी पातेलं पुसून काढलं, पाव संपला म्हणून शेवटी वाडगे तोंडाला लावले. नळीवरून दोघांत वाद झाला, ती मी घेतली.

ग्रॅनाइट_अबोली | शनिवार, रात्री १०:२८

फार बरं वाटलं. करपलेल्या पातेल्यात आत्ताच गरम पाणी आणि चमचाभर खायचा सोडा घालून ठेवा, सकाळी सहज निघेल. माझा फोटो राहिलाच. उरलेला डबा भरून शेजारी देऊन आले.